वाड्याच्या भिंतीतलं सातेरीचं मोहोळ: राणी अजून आत, पण भिंत उघडणार

मंडळी, मंगळवार पेठेतल्या वाड्याच्या भिंतीत सातेरीचं, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी मधमाशीचं, मोहोळ आहे आणि ते जिवंत पेटीत हलवायचंय. त्यासाठी भिंत उघडायला अखेर परवानगी मिळाली. तीही एका गवंड्याच्या जोरावर. ते पुढे येतंच. पण आधी नरसाळ्याचं सविस्तर सांगतो, कारण "नरसाळं लावा, मोहोळ आपोआप रिकामं होईल" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं.

जागा तुम्हाला माहीत आहे. मागच्या अंगणाकडची काळ्या दगडाची भिंत, पहिल्या मजल्याची उंची, पावसाच्या पाण्याच्या पाइपाशेजारी दगडांच्या सांध्यात बोटभर भोक. दगड हलवायचा नाही ही मालक काकांची अट. म्हणून भोकावर तारेच्या जाळीचं नरसाळं, त्याच्या टोकापाशी पेटी आणि पेटीत मेढ्याच्या मित्राने दिलेली अंडी-अळ्यांचं पोळं असलेली सातेरीची लाकडी चौकट. माशी नरसाळ्यातून बाहेर पडते, तिला परतीची वाट सापडत नाही, आणि अळ्यांच्या ओढीने ती पेटीत शिरते, असा सगळा हिशोब.

पहिल्या संध्याकाळी पेटीत माश्या जवळजवळ नाहीतच. सगळ्या नरसाळ्याच्या बुडाशी, दगडाला धरून दाढीसारख्या लोंबकळत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. अंधार पडल्यावर लाल दिव्यात (माशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती उठत नाही) शिडीवर बराच वेळ बसून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. माशी टोक शोधतच नव्हती, ती वासाकडे जात होती. आणि मोहोळाचा वास जाळीच्या बुडातूनच बाहेर येत होता. मग बुडाचा वीतभर भाग पत्र्याचा केला, कडा चिकणमातीने लिंपल्या आणि फक्त पुढचं टोक जाळीचं ठेवलं. आता वास टोकातून येतो, आणि टोकाला लागून पेटीचं दार आहे. तासाभरात माश्या दारावर उतरून पंख हलवत इतरांना बोलवायला लागल्या. ते बघताना जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

तो फार टिकला नाही. दुपारपर्यंत त्यांना खालच्या सांध्यात दुसरी फट मिळाली, ती बुजवली तर पाइपाच्या क्लॅम्पमागे तिसरी. हे सातेरीचं वैशिष्ट्य इथे नडतं. ती राळ गोळा करत नाही. मेलिफेरा (परदेशी पाळीव मधमाशी) असती तर तिने अशा फटा स्वतःच राळेने बंद करून टाकल्या असत्या. सातेरीच्या घरात चुना जिथे गळलाय तिथे वाट उघडीच. फटांमध्ये स्टील वूल कोंबून वर चिकणमाती हा उपाय टिकला. हार्डवेअरवाल्याने फुगणारा फोम हातात ठेवला होता, तो मी परत केला. तो आत कुठवर जाईल आणि कोणत्या पोळ्यावर बसेल याचा नेम नाही.

साधनांबद्दल दोन गोष्टी. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच चौकटी मेलिफेराच्या मापाच्या असतात. त्यांच्या दोन पोळ्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिमी, सातेरीला ३१-३२ पुरतं. जास्त जागा दिली की मध्ये आडवंतिडवं पोळं बांधतात. मला पाठवलेल्या पेटीवर 'सातेरीसाठी' लिहिलं होतं आणि आत माप मेलिफेराचं, त्यामुळे सुताराकडून सगळ्या चौकटी तासून घेतल्या. स्मोकरमध्ये गोवरी आणि कडुनिंबाचा सुका पाला, एवढंच. सातेरीला धूर थोडाच द्यावा, जास्त झाला की ती पोळ्यावर सैरावैरा पळते.

आता पेटी छान भरलीय आणि तिच्यात माश्यांनी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायच्या कोठड्या, बांधायला घेतलीत. म्हणजे पेटीतल्या माश्यांनी स्वतःला बिनराणीचं मानलंय. जुनी राणी मात्र भिंतीत अंडी घालतेय. राणी अशी नरसाळ्यातून चालत बाहेर येत नाही. दाया माश्या अळ्या सोडून हलत नाहीत. आत नवीन माश्या जन्मत राहतात, आणि हे वळीव येईपर्यंत असंच लांबणार अशी चिन्हं होती. मोबाईलला जोडायचा नळीचा कॅमेरा आत सारला, तर दोन दगडांनंतर वाट काटकोनात वळते, पुढे पोळ्याची एक कड दिसते आणि काच मधाने माखते.

काकांचा धीर सुटला. त्यांनी विष मारणाऱ्याला बोलावलं. त्यांना मी एवढंच सांगितलं, की माश्या मेल्या तरी मेण-मध भिंतीतच राहणार. पोळी सांभाळायला कोणी नसलं की ती उन्हाळ्यात विरघळून ओघळतात, मुंग्या आणि मेणकिडा येतो, आणि विषारी मध लुटायला दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येऊन त्याही मरतात. आपल्याच जिल्ह्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि गावात आपण माशीवर विष मारायचं? काका गप्प झाले, पण भिंतीबद्दल तयार होईनात.

ओट्याचं काम करायला आलेल्या गवंड्याने तेवढ्यात सहज भिंतीवर हातोडी वाजवली. पाइपाच्या डावीकडे आवाज वेगळा. म्हणाला, "काका, ही भिंत न्हाई, खिडकी हाय बुजवल्याली. वरची तुळई अजून आतच हाय बगा." प्लास्टर खरवडलं तर खाली विटा! दगडाला हात लावायचाच नाही, तीन-चार ओळी विटा काढल्या की पोळी समोर. काकांनी तिथल्या तिथे होकार दिला.

त्यामुळे बेत बदलला. नरसाळ्याचं फळही हातात आहेच, कारण चरायला जाणाऱ्या, जास्त चावणाऱ्या माश्या आता पेटीत आहेत आणि भिंतीत बहुतेक तरुण माश्या. विटा दुपार कलल्यावर काढायच्या. शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद, पोरं घरात, परांचीवर दोघंच. अळ्यांची पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटीत बांधायची. मधाची पोळी बांधायची नाहीत, वजनाने तुटून खालच्या अळ्या चिरडतात. शेवटी पोकळी खरवडून विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याने भरायची, नाहीतर मेणाच्या वासाने पुढच्या वर्षी दुसरी झुंड येऊन बसेल.

हे लिहितानाच एक सुचलं. राणीघरं मोडून सगळं जुन्या राणीखाली एकत्र करायचं ठरवलं होतं. पण कशाला मोडायची? करंज फुललाय, चारा आहे. ओट्यावर नरांच्या घरांच्या टोप्या पडल्यात, मधोमध बारीक भोक असलेल्या, म्हणजे नर भरपूर आहेत. अळ्यांची पोळी आणि जुनी राणी दुसऱ्या पेटीत, आणि ही पेटी नव्या राणीवर. दोन वसाहती! जुन्या राणीच्या पेटीला दाराशी राणीजाळी (कामकरी माशी जाते, राणी अडते) लावावी लागेल, सातेरी नवी जागा सोडून जायला वेळ लावत नाही. नव्या राणीच्या पेटीला मात्र जाळी नको, तिला मिलनासाठी उडायचंय. दोन्ही पेट्या रात्रीच मेढ्याला हलवेन. सातेरी साधारण दीड किलोमीटरच्या आत चरते, एवढ्या लांबून ती वाड्याकडे परतणार नाही. जुन्या राणीकडे माश्या कमी पडल्या तर भरलेल्या पेटीतली एक चौकट माश्यांसकट तिकडे देईन.

पाण्याच्या टाकीखालचं आग्या माशीचं मोहोळ असंच काढता येईल का, असं ज्यांनी विचारलं त्यांना: यातलं काहीही आग्याला लागू नाही. ती उघड्यावर एकच पोळं बांधते, पेटीत राहत नाही, आणि हंगाम संपला की स्वतः निघून जाते. त्या मोहोळाला डिवचू नका, तिथे जाणं-येणं बंद ठेवा.

राणीघरांना टोपण लागायच्या आत विटा काढायच्या आहेत. सातारा-वाई भागात कुणाकडे सातेरीच्या मापाची राणीजाळी आणि ताजं सोपट असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जातो.