मंग कायले ठेवलं?

आमच्या गॅलरीत कुणी पहिल्यांदा आलं की कुंड्यांचं कौतुक नंतर होतं. आधी चौकशी. खालच्या मजल्यावरच्या काकू तर थेट मुद्द्यावर येतात, "याची भाजी होते का वो?" नाही म्हटलं की, "मंग कायले ठेवलं?" मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो, कूलरला पुरवून उरलेलं पाणी कुंड्यांना मिळतं. अशा गावात हा प्रश्न मला तरी रास्तच वाटतो.

फक्त त्याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. एकाच झाडाचं एक अंग ताटात वाढण्याजोगं असतं आणि दुसरं पोटाला सोसत नाही.

धोप्याचंच, म्हणजे अळूचंच बघा. त्याच्या वड्या आपण मिटक्या मारत खातो. पण मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, झेडझेड ही दिवाणखान्यातली सगळी गुळगुळीत मंडळी धोप्याचीच भाऊबंद. या साऱ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. कच्चं पान चावलं की ते जिभेत, घशात रुततात. डिफेनबेकियाने तर तोंड सुजून बोलणंही अवघड होतं. हे सांगितल्यावर काकूंनी बिनतोड सवाल केला, "मंग चिंच घालून शिजवला तं?" नाही हो. धोपा पिढ्यान्‌पिढ्या निवडून, लावून माणसाळवलेला आहे, आणि तरीही कमी शिजला की घसा खाजवतोच. मनी प्लांटवर ही मेहनत कुणी घेतलेली नाही. त्याचं पान विड्याच्या पानासारखं दिसतं, पण रामटेकच्या पानाशी त्याचं नातं दिसण्यापुरतंच.

याच खानदानातल्या मॉन्स्टेराचं पिकलेलं फळ मात्र खातात. अननस आणि केळं एकत्र केल्यासारखी चव. ते पिकायला वर्षभर लागतं, वरचे खवले आपोआप गळेपर्यंत हात लावायचा नाही. आपल्या फ्लॅटमधल्या कुंडीत त्याला फळ धरणं कठीणच, त्यामुळे तो विषय राहू द्या.

कोरफडीबाबत मात्र मी हट्टी आहे. लोक पान मोडतात आणि तसंच मिक्सरमध्ये घालतात. सालीलगत जो पिवळा, कडू चीक असतो तो जबर रेचक आहे. पान कापून उभं ठेवावं, चीक निथळू द्यावा, साल जाडसर सोलावी आणि आतला पारदर्शक गर धुऊन घ्यावा. खायचा तो एवढाच, तोही थोडा. आणि कुंडीतली ती खरंच खायची कोरफड आहे ना, हे आधी बघावं; तिच्यासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या जाती नर्सरीत ढीगभर असतात.

सदाफुलीची पानं सकाळी अनशापोटी चघळणारे मधुमेही प्रत्येकाच्या ओळखीत एखादे तरी निघतातच. हाच समज ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी तिचा अर्क उंदरांना दिला. साखर फारशी हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ च्या सुमारास विनब्लास्टिन हाती आलं, कर्करोगावर वापरलं जाणारं औषध. जे झाड केमोथेरपीला लागतं ते घरी अंदाजाने चघळायचं, या धाडसाला काय म्हणावं? सदाफुली देवाला वाहावी. कण्हेरही तशीच, तिचं तर पानही तोंडाजवळ नेऊ नये.

बिनघोर म्हणाल तर पानओवा. पावसाची पहिली सर आली की त्याच्या जाड पानांची भजी, बेसनात थोडं तांदळाचं पीठ घालून. जास्वंदाच्या पाकळ्यांचं सरबत होतं. गोकर्णाचं निळं फूल गरम पाण्यात टाका, लिंबू पिळा, पाणी जांभळं होतं, पोरं खूश. त्याच्या शेंगेतलं बी मात्र पोरांच्या हाती देऊ नका, त्याने जुलाब होतात.

आणि नर्सरीतून आणलेला गुलाब कितीही टपोरा असला तरी लगेच गुलकंदाला घेऊ नये. त्यावर काय काय फवारलंय ते तिथला माळीही धड सांगत नाही. घरी नवी फूट येऊ द्यावी, दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, तोवर गुलकंद विकतचा.