सोबत कोण आहे?

ठाण्यात पाचपाखाडीच्या घरात दिवाणावर आडवी पडून हे टाइप करतेय. घसा खरवडल्यासारखा झालाय, आत भरलेल्या हवेमुळे ढेकर थांबत नाहीयेत आणि समोर आईने ठेवलेली पेज निवतेय. दोन आठवड्यांच्या सुट्टीत एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघणं! मामलेदारची मिसळ आदल्या आठवड्यात खाल्ली होती हे आईला अजून सांगितलेलं नाही.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी तोंड उघडायच्या आत आई, बाबा, भाऊ आणि शेजारच्या काकू असे चौघं पुढे सरकले. काकूंना कोणी बोलावलं होतं देव जाणे. मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं.

कारण दोन वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंडात, लीड्सला हाच प्रश्न फॉर्मवर होता. गुंगीचं इंजेक्शन हवं असेल तर घरी न्यायला कोणीतरी मोठं माणूस पाहिजे आणि त्याने २४ तास सोबत थांबायचं, नुसता टॅक्सीवाला चालत नाही. नियम बरोबरच आहे, मिडाझोलाम (हेच ते गुंगीचं औषध) दिलं की माणूस जागा दिसतो पण नंतर त्याला काही आठवत नाही, गाडी चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही, सगळं मान्य. पण मी फोनमधली नावं तीनदा वरखाली केली. ऑफिसातले लोक चांगलेत हो, पण "आज रात्री माझ्याकडे झोपायला याल का" हे कुणाला विचारणार? शेवटी नुसता घसा बधिर करायचा स्प्रे घेतला, कारण स्प्रेवाल्यांना एकटं घरी जाता येतं. डाव्या कुशीवर, दातांत प्लॅस्टिकची कडी, लाळ गालावरून उशीवर. एक नर्स मात्र शेवटपर्यंत खांद्यावर हात ठेवून होती, ते विसरणार नाही. आणि एक पेनीसुद्धा लागली नाही, त्यामुळे तिकडच्या सिस्टीमला नावं ठेवणाऱ्यांशी मी अजूनही भांडते. मग तास-दीड तास, बधिरपणा उतरेपर्यंत, चहासुद्धा नाही, आणि बसने घरी.

इथे इंजेक्शन घेतलं, काहीच आठवत नाही. भाऊ म्हणतो, तीन हात नाक्यापर्यंत मी रिक्षावाल्याला माझा पगार सांगत होते.

एका गोष्टीचा मात्र राग आलाय. डॉक्टरांनी रिपोर्ट बाबांना समजावला! मी ३६ वर्षांची, पोट माझं. पोटातून काढलेला तुकडा टाकल्यावर पिवळी जेल गुलाबी झाली म्हणजे एच. पायलोरी (पोटातला एक जंतू), १४ दिवस गोळ्या, हे मला बाबांकडून कळलं. गुंगीत माझ्या डोक्यात काही शिरलं नसतं ही गोष्ट वेगळी. पण घरी काय काळजी घ्यायची याचा कागद? लीड्सला फोन नंबरासकट देतात. इथे काकू आहेत, त्यांनी दही बंद केलं, मग चालू केलं.

मघाशी बाबांनी विचारलं, "तिकडे तेव्हा घरी कोण घेऊन आलं होतं गं?"

"मैत्रीण होती," म्हटलं, आणि पेज संपवली.