जोबो १५२० : रीळ वाळलं, झाकण वाळेना (जुलै अपडेट)

जोबो १५२० म्हणजे घरी कॅमेऱ्याची फिल्म डेव्हलप करायचा झाकणाचा ड्रम; आत प्लास्टिकचं रीळ असतं, त्याच्या खाचांत अंधारात फिल्म सरकवायची. रीळ फॅन-बॉक्समध्ये (फॅन लावलेल्या वाळवणीच्या खोक्यात) खडखडीत वाळलेलं, फिल्मचे पुढचे कोपरे गोल कापलेले, तरी ३६ फोटोंची पट्टी चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) निम्म्यात अडकली ती अडकलीच. गुन्हेगार निघालं झाकण.

झाकणात प्रकाश अडवायला जी वळणं असतात, त्यांत पाणी अडकून राहतं. पालथं ठेवलं तरी सगळं निथळत नाही. त्यात ड्रम झाकण लावून फळीवर ठेवला, की ते थेंब सावकाश आतल्या रिळावर उतरतात. ओल्या खाचेला टेकताच फिल्मवरच्या इमल्शनचं (प्रकाश टिपणाऱ्या थराचं) जिलेटिन फुगून चिकट होतं आणि पट्टी पुढे सरकेनाशी होते. जोर लावला तर चंद्रकोरीसारखे डाग ठरलेले.

झाकण वाळलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्याला उपाय सोनं तोलायचा वजनकाटा, ०.१ ग्रॅमवाला. मे महिन्यात पूर्ण वाळलेल्या झाकणाचं वजन मार्करने त्याच्या कडेवर लिहून ठेवलंय. धुऊन, झटकून काट्यावर ठेवलं तर ३.४ ग्रॅम जास्त. रात्रभर फॅनखाली राहूनही १.२ ग्रॅम शिल्लक, म्हणजे वीस-पंचवीस थेंब! रीळ मात्र त्याच रात्रीत कोरड्या वजनावर आलं होतं.

कारण सरळ आहे. १२ व्होल्टचा १२० मिमीचा कॉम्प्युटर फॅन हवा भरपूर हलवतो, पण त्याला दाब नसतो. वळणांत शिरण्याऐवजी हवा बाजूने निघून जाते. शिवाय ठाण्यातली जुलैची हवा, त्यात खिडकी खाडीकडे. २८ अंशांना ९० टक्के दमट हवा काय सुकवणार? तीच ३८ अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता पन्नाशीवर येते. म्हणून बॉक्समध्ये पत्र्याच्या डब्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि थर्मामीटर; ४० अंशांवर जाऊ द्यायचं नाही. हेअर ड्रायर तर नकोच, रीळ वाकडं झालं की कायमचं गेलं.

पुढचा बेत मोठा बॉक्स आणि दोन फॅन असा होता. तो रद्द. हे लिहिताना सुचलं : दाब हवा असेल तर माशांच्या टाकीचा एअर पंप आहे की! पंप, मग २५० ग्रॅम सिलिका जेलची बाटली, मग नळी थेट झाकणाच्या तोंडात, भोवती सैल फडकं. मिनिटाला ३ लिटर हवा म्हणजे तासाला चारेक ग्रॅम बाष्प जेलमध्ये जाईल. एका झाकणापुरतं पुष्कळ. जेल नारिंगीच घ्या, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांना दोन तास. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या निरुपयोगी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे सुटं मागून पाहा.

बाकी थोडक्यात. वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी वापरायचं साबणासारखं द्रव) रिळावर अजिबात नको. फिल्म काढून वेगळ्या भांड्यात त्याच्या १:२०० पाण्यात बुडवा. रिळावर वापरलं तर त्याचा थर खाचेत सुकतो आणि दमट हवेत पुन्हा चिकट होतो. आधीच बसला असेल तर ४० अंशांचं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, आणि रिळाची दोन्ही अर्धुकं वेगळी करून घासा. पॅटरसन कंपनीचं रीळ वापरणाऱ्यांनी त्यातल्या फिल्म पुढे ढकलणाऱ्या छऱ्यांच्या घरट्यांत ब्रश फिरवायला विसरू नये. छरा हलवल्यावर टकटक वाजला पाहिजे.

झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. व्हॅसलिनने रबर फुगतं. ठेवताना झाकण, मधली नळी, रीळ सगळं सुटं.

आणि सी-४१ (रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया) करणाऱ्यांनो, ब्लिक्सनंतर (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेल्या द्रावणानंतर) झाकणातली तीच वळणं कोमट पाण्याने तीनदा भरून ओता. तिथला उरलेला थेंब पुढच्या खेपेला डेव्हलपरमध्ये पडतो. पंपाने वाळवलेल्या झाकणाची वजनं पुढच्या अपडेटमध्ये.