देवराईचं 'धरण' एकदाचं फुटलं! (वाडीचा नकाशा, पुढचा अपडेट)

मंडळी, आमच्या वाडीचा अतिवृष्टीसाठीचा नकाशा करतोय, म्हणजे पाणी कुठनं येईल आणि लोकांनी कुठल्या वाटेनं कुठे जमायचं ते दाखवणारा. त्यात पऱ्या (आमचा ओढा) जागेवर आला! म्हणजे तो होता तिथेच आहे, क्यूजीआयएसला (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) आत्ता कुठे पटलंय. मागच्या वेळचा स्क्रीनशॉट आठवतोय ना, पाणी देवराईच्या वर अडून खालच्या वाडीतल्या घरांवरनं वाहतंय? गावात दाखवला तर एक आजोबा म्हणाले, "आमच्या आज्यानं पण तिथनं पाणी जाताना बघितलं नाय."

भानगड अशी की कोपर्निकसचा (युरोपचा उपग्रह प्रकल्प) ३० मीटरवाला डेम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) रडारचा, आणि गच्च झाडीत रडारला जमीन नाही, शेंड्यांच्या आसपासची उंची मिळते. त्यामुळे पऱ्यावरची देवराई त्याच्या लेखी आडवी भिंत, फिल सिंक्स (डेममधले खड्डे भरायची पायरी) चालवलं की भिंतीमागे तळं भरतं आणि काठावरनं पाणी वाडीत. एसआरटीएम (नासाचा डेम, तोही रडारचाच) घेतला, तीच बोंब. व्हाइटबॉक्स या सॉफ्टवेअरच्या ब्रीचनं (अडथळा कापून पाण्याला वाट काढणारं टूल) भिंत फोडली पण भलतीकडनंच. शेवटी पऱ्या कोरडा असताना त्यातनंच चालत ट्रॅक घेतला. देवराईत जीपीएस माकडासारखा उड्या मारतो, म्हणून बाहेरची दोन टोकं आणि साकव (पऱ्यावरचा छोटा पूल) पक्के धरले, मधला भाग गावातल्यांना शेजारी बसवून जोसममध्ये (ओएसएम, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा एडिटर) ओढला आणि ग्रास या सॉफ्टवेअरच्या आर.कार्व्हनं ती रेघ डेममध्ये कोरली. पाणी गपगुमान पऱ्यातनं! फॅबडेममध्ये झाडं आधीच वजा केलेली असतात, तोही उतरवून ठेवलाय, बघू.

पाखाड्या (पायऱ्यांच्या पायवाटा) सगळ्या ओएसएमवर चढल्या, ऑसमअँड हे त्यावरनं वाट दाखवणारं अ‍ॅप आता डांबरी रस्त्याचा वळसा न घालता पाखाडीनं नेतो, त्या दिवशी उगाचच चार वेळा रूट काढून बघितला.

पण आता नवीनच लफडं. जमायची जागा म्हणून शाळा धरलेली, आणि खालच्या वाडीतनं शाळेत जायचं तर तोच साकव. पऱ्या फुगला की संपलं. त्यामुळे शाळा फक्त वरच्या वाडीसाठी, खालच्यांना माळावरचं देऊळ, हे लिहिता लिहिताच ठरवतोय. देऊळ कड्यापासून किती आत आहे ते मात्र नीट मोजणार, तळियेच्या दरडीनंतर (जुलै २०२१) आमच्याकडे ते कोणाला समजवावं लागत नाही.

नकाशा भिंतीवरच लागणार. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, जून २०२० मध्ये, नेटवर्क किती दिवस गेलेलं ते रायगडकरांना विचारा. फ्लेक्सवाल्याला जेपीजी देऊ नका, पाखाड्या पुसट होतात, पीडीएफच द्या. फक्त माझ्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतायत, कोणाकडे उपाय आहे का?