आप्पांचा एक्स-रे: निपाणी, मिरज आणि मग मुंबई

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी लागणारी मेडिकल मुंबईत अर्ध्या दिवसात उरकते. उंची, वजन, रक्तदाब, डॉक्टरांचे चार प्रश्न, छातीचा एक्स-रे, राहिलेल्या लसी, झालं. असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही. फक्त ज्यांना कधी क्षय झालेला नाही त्यांच्यापुरतं ते खरं. आमच्या आप्पांना १९८४ साली झाला होता. त्यामुळे आमचा मुंबईचा रस्ता आधी निपाणीला गेला आणि तिथून मिरजेला.

दादा तिकडे नागरिक झाला, त्यानं आई-आप्पांसाठी अर्ज घातला, यथावकाश मुलाखतीचं पत्र आलं. मेडिकल मुलाखतीच्या आधी आणि तीही वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची. बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांना हे काही केल्या पटेना. "गावात केएलईएवढं मोठं हॉस्पिटल हाय, खरं ह्यांना मुंबईचाच डॉक्टर पायजे?" असं मला गेटपाशी गाठून विचारणारे तिघे-चौघे तरी निघाले.

आप्पांचा प्रश्न वेगळा होता. "टीबीचं सांगायचंच कशाला? चाळीस वर्षं झाली की."

आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. निपाणीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना न्युमोनिया सांगितला होता. मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही आत्याच्या तोंडून. पण इथं लपवून भागत नाही. पंधरा वर्षांच्या वर प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे होतो आणि भरलेल्या जखमेचा वण फुफ्फुसाच्या टोकाला आयुष्यभर दिसतो. फॉर्मवर 'नाही' लिहायचं आणि फिल्मवर 'होय' दिसायचं, ह्याच्याइतकं वाईट काही नाही. दुसरं असं, की तो वण जुना आहे का जिवंत, हे त्या डॉक्टरांनी नुसतं बघून ठरवायचं नसतं. संशयाला जागा असली की लागोपाठ तीन दिवस बेडका द्यायचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कल्चरलाही लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतो का ते बघतात. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, म्हणून कल्चरचा शेवटचा निकाल यायला आठ आठवडे. हे टळणार नाही हे गृहीत धरूनच मी तयारीला लागले. आपल्या हातात एवढंच होतं, की उपचार कधी झाले, कुठली औषधं, पुरती घेतली की मध्येच सोडली, ह्याची उत्तरं कागदासकट तयार ठेवायची.

कागद निपाणीच्या घरात.

बेळगावहून निपाणी म्हणजे हत्तरगी, संकेश्वर ओलांडून सरळ हायवे. एप्रिलचं ऊन, बसच्या खिडकीची कांब हात लावू देत नव्हती. आप्पा पूर्वी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. निपाणीचा तंबाखू विडीचा. वखारीत बायका जर्दा चाळायच्या आणि ती पिवळट धूळ दिवाणजीच्या गादीपर्यंत यायची. क्षय काही तंबाखूनं होत नाही, तो जंतूनंच होतो. पण कोंदट जागा, दाटीवाटी, दिवसभर नाकातोंडात जाणारी भुकटी, अशात एक खोकणारा माणूस पुष्कळांना पुरतो. आप्पा अजून वखारीला दोष देत नाहीत. "मालकानं पगार कापला नाही," एवढंच म्हणतात.

माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात मिरजेचा एक्स-रे सापडला, खाकी पाकिटात, पाकिटावर आप्पांचं नाव निळ्या शाईत. मी फिल्म बाहेर ओढली आणि उजेडाला धरली. बरगड्या छान दिसत होत्या, हृदयाची सावलीही. वरचा उजवा कोपरा मात्र नव्हता. कात्रीनं सरळ कापलेला, चांगली वीतभर पट्टी.

आईला लगेच आठवलं. १९९५ च्या दिवाळीत सकाळी सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं. गल्लीतली सगळी पोरं काळ्या फिल्मा डोळ्याला लावून उभी. दादानं ट्रंकेतली फिल्म कापून चार पट्ट्या केल्या आणि दोस्तांत वाटल्या. (असं ग्रहण बघणं डोळ्यांना धोक्याचं असतं, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या गावी नव्हतं.) वण होता तो उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला, म्हणजे नेमका त्या पट्टीत. मी रात्री दादाला व्हिडिओ कॉल करून ती फिल्म दाखवली. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "स्कॅन करून जोडता येईल का?"

ट्रंकेत दुसरी एक गोष्ट होती, जिची कुणालाच आठवण नव्हती. आप्पांच्या खर्चाच्या वह्या. दिवाणजीचा हात, तारखेवार, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. '८४ आणि '८५ च्या वह्यांत दर काही ओळींनी 'इंजेक्शन', 'गोळ्या', 'मिरज जाणे-येणे एसटी', 'एक्स-रे'. एके ठिकाणी 'अंडी', त्याखाली रेघ. घरात अंडं शिजत नसे, डॉक्टरांनी खायला सांगितलं होतं, म्हणून ती वेगळी रेघ असं आई म्हणाली. शेवटची नोंद होती, 'मिरज. औषध बंद. पेढे.' उपचार कधी सुरू झाले, किती महिने चालले, कधी संपले, सगळं त्या वह्यांत होतं, खाडाखोड न करता.

तरी मिरजेला जाऊन यायचं ठरवलं. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज गाठायची, ही रीत माझ्या आजीच्या आधीपासूनची. विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं इस्पितळ उघडलं तेव्हा राज्यांच्या सीमा आजच्या नव्हत्या. आज सीमा आहे, पण वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली निम्मी माणसं अजून कानडी बोलतात.

बेळगाव ते मिरज रेल्वेचा प्रवास मला बसपेक्षा केव्हाही प्यारा. घटप्रभेला करदंट, म्हणजे गूळ-सुक्यामेव्याची मिठाई, विकणारा चढला. आप्पांना साखर आहे हे विसरून आप्पांनीच अर्धा पाव घेतला. चिंचलीला आईनं खिडकीतून मायाक्का देवीला हात जोडले. कुडचीच्या पुढं पुलावरून कृष्णा दिसते. उन्हाळ्यानं पात्र आकसलेलं, कडेला म्हशी डुंबत होत्या. पूल ओलांडला की उगारच्या ऊसपट्ट्यात गाडी शिरते. आप्पा इतका वेळ गप्प होते. तिथं म्हणाले, "तवा मी एकटाच यायचो. तुझ्या आईला बरोबर घ्यायचो नाही. डब्यात खोकला आला की दारात जाऊन उभारायचो." आई समोरच बसली होती. तिनं करदंटाचा पुडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

ज्या दवाखान्यात उपचार झाले, तिथल्या रेकॉर्ड रूमच्या माणसानं विचारलेलं साल ऐकून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. इतकं जुनं ठेवत नाहीत. मी वाद घातला नाही. तसं लेखी द्या म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेले, ते काही आले नाहीत. मिरजेच्या खेपेतून हाताला लागलं ते एवढंच.

काम झालं शेवटी बेळगावात. छातीच्या एका डॉक्टरांनी त्या वह्या अर्धा तास चाळल्या. त्यांना फार मजा वाटली. इंजेक्शन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, हे त्यांनी विचारायच्या आधीच ओळखलं. म्हणाले, "कमी ऐकू येतं का तुम्हाला?" आप्पांनी "आं?" केलं. त्या औषधाचा कानावर परिणाम होतो, हे वैद्यकात जुनं आहे. आमच्या घरात मात्र चाळीस वर्षं आप्पांचं न ऐकणं हा स्वभावाचा दोष समजला जायचा. डॉक्टरांनी इंग्रजीत पत्र दिलं: उपचारांचा काळ, औषधं, पूर्ण केल्याची नोंद कशावरून घेतली ते. सोबत आप्पांचा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला एक्स-रे आणि आत्ताचा नवा. दोन्हींत वण जिथल्या तिथं, तेवढाच. कापलेली फिल्मही पाकिटात घातली, असू दे म्हणून.

नावांची भानगड हा आपल्या सीमाभागाचा खास प्रसाद. हॉस्पिटलच्या कागदावर नुसती आद्याक्षरं, कानडीतल्या दाखल्यावर आडनाव वेगळ्याच उच्चारानं उतरलेलं, पासपोर्टवर पूर्ण नाव. गाव एका कागदावर बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून 'ही सगळी नावं एकाच माणसाची' असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि कानडी कागदांचं इंग्रजी भाषांतर. ज्यांच्या घरी हे व्हायचं आहे त्यांनी मेडिकलच्या आठवड्यावर ठेवू नये, आधीच उरकावं.

लसींचं त्यामानानं सोपं गेलं. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना गोवर-गालगुंडाची लस मागत नाहीत आणि दोघंही त्या आधीचे. धनुर्वात-घटसराची आणि न्यूमोकोकल, ह्या बेळगावातच घेतल्या. न्यूमोकोकल महाग आहे, तयारी ठेवा. कार्डावर पासपोर्टातलं नाव, तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांची सही-शिक्का इतकं बघून घ्यायचं. कांजिण्या आईला येऊन गेलेल्या, आप्पांना आठवेना. आप्पा दंडावरचे देवीच्या लसीचे दोन गोल व्रण दाखवून "हे चालंल का?" विचारत होते. ते रोज फिरायला जातात त्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी वासरांवर हीच लस तयार व्हायची आणि मुंबई इलाख्यात जायची. पण देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्येच जाहीर झालं, आता ती यादीत नाही. आप्पांना हे जरा अन्यायाचं वाटलं.

मुंबईत लालबागला मावसभावाकडे उतरलो. मेडिकलचं जसं ऐकलं होतं तसंच झालं. एक्स-रेला गळ्यात काही चालत नाही, हे आईला मी बेळगावातच सांगून ठेवलं होतं. तिनं मंगळसूत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ स्वतः मिटली. आत जाईपर्यंत मागं वळून माझी मूठ बघत होती. डॉक्टरांनी आमचं पाकीट शांतपणे वाचलं, फिल्मा लावून बघितल्या. कापलेल्या फिल्मचं कारण सांगितल्यावर पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, बेडका द्यावाच लागेल.

तीन दिवस सकाळी उपाशीपोटी, चूळ भरून, तिथल्या माणसासमोर द्यायचा. पहिल्या दिवशी आप्पांना येईचना. "काका, थुंकी नको, आतून खोकून काढा," तो मुलगा सारखा सांगत होता. आप्पा रुमाल तोंडाला लावून हळूच खोकायचे. चारचौघांत खोकला दाबायची चाळीस वर्षांची सवय. शेवटी त्यानं आप्पांच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि स्वतःच मोठ्यांदा खोकून दाखवलं. तेव्हा कुठं जमलं. तिसऱ्या दिवशी आप्पा त्या मुलाला नावानं हाक मारत होते.

मुलाखतीची तारीख अर्थातच पुढं गेली. जुलैत कल्चरचा निकाल आला, तिन्ही स्वच्छ. असा वण असलेल्यांना वेगळा वर्ग देतात. व्हिसा अडत नाही, फक्त तिकडे पोचल्यावर स्थानिक आरोग्य खात्यात एकदा दाखवायचं. एक अट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. एरवी मेडिकल सहा महिन्यांपर्यंत चालते, अशा प्रकरणात शेवटच्या निकालापासून तीनच महिने, आणि व्हिसाची मुदतही तेवढ्यावरच येते. म्हणजे ऑक्टोबर लागायच्या सुमाराला तिकडे पाय टेकलेच पाहिजेत.

दादानं ऑगस्टची तिकिटं बघितली. आई म्हणाली, गणपती झाल्याशिवाय मी घर सोडणार नाही. दादानं फोनवर मुदत समजावली, पुन्हा समजावली. आईनं कालनिर्णय काढलं, चतुर्दशीवर बोट ठेवलं, पुढचे दिवस मोजले. "बसतंय की," म्हणाली. बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, तो एक दिवसही तिनं धरला होता.