पुढच्या चाकातलं तेल

शनिवार, रात्री

जीप लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून पुढची चाकं काढली. डाव्या गोळ्याच्या तळाशी काळ्या तेलाचा थर आणि त्यावर गगनबावड्याची तांबडी माती, सिमेंटसारखी घट्ट बसलेली. सीजे-३बी या जुन्या मॉडेलच्या घराण्यातल्या जीपला हे दुखणं ठरलेलंच. गोळा म्हणजे एक्सलच्या टोकाचा पोकळ लोखंडी गोल. त्याच्यावरून बाहेरची खोळ सरकते आणि चाक वळतं. आत शाफ्टचा जॉइंट फिरतो, त्याला वंगण लागतं. ते बाहेर येऊ नये म्हणून खोळीच्या मागच्या काठाला रबर आणि नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी असते.

गळती दिसली की नमदा बदलायचा, हा सर्रास चालणारा इलाज. महिन्याभरात पुन्हा थेंब पडू लागतात आणि दोष नमद्याच्या क्वालिटीला जातो. त्याआधी गळणारं तेल बोटावर चोळून बघावं. जाड, ग्रीसमिश्रित असेल तर ते गोळ्यातलंच. पातळ असेल आणि गंधकासारखा उग्र वास येत असेल तर ते डिफरन्शियलमधलं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यातलं, ९० नंबरचं गिअर तेल आहे. म्हणजे एक्सलच्या नळीच्या तोंडाशी असलेलं आतलं सील गेलंय, तेल गोळ्यात भरतंय आणि तिथून नमद्यातून बाहेर पडतंय. नमदा धूळ अडवण्यासाठी असतो, तेलाचा लोंढा थोपवायला नव्हे.

आजचं तेल पातळ होतं. वासही तोच.

रविवार

सगळा दिवस एका चाकात गेला.

ड्रम काढल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नये, एवढं आधी. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावं. लायनिंग तेलाने भिजलं होतं. घासलेटने धुऊन, ब्लो-लॅम्पने भाजून तेच परत बसवणारे आहेत, पण ब्रेक तापला की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. लायनिंग नवं लावायचं, तेही दोन्ही चाकांना.

टोकाचा फ्लँज, बाहेरचा नट, लॉक वायसर, आतला नट, हब, मग बॅकप्लेट आणि स्पिंडल. स्पिंडल सुटला की शाफ्ट जॉइंटसकट सरळ बाहेर येतो. ओढताना दुसऱ्या हाताने उचलून धरावा. नळीच्या तोंडावर घासत आणला की सीलची जागाच खरवडते. सील फाटलेलं होतंच. शाफ्टवर ते जिथे टेकतं तिथे नखाला अडकेल अशी चर पडली होती. अशा चरीवर नवं सील टिकत नाही. एक तर पातळ स्लीव्ह चढवायची, नाहीतर सील दीड-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा. इथे दुसरं जमलं. सील पाइपच्या तुकड्याने ठोकलं की तिरकं बसतं, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडून सीलच्या मापाची, पायरी असलेली ठोकणी करून घेतली. असल्या फुटकळ कामाला तिथे वेळ मिळतो, हे या गावाचं सुख. फक्त ऊस तोडणीच्या हंगामात जाऊ नये. तेव्हा सगळी लेथ ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कामात असतात.

पण सील फाटलंच का? याचं उत्तर एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला सापडलं. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड, मातीने गच्च बुजलेला. गाडी चालली की एक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला वाट नसली की ती तेलाला सीलमधून ढकलते. उलटंही होतं. तापलेला एक्सल ओढ्यात उतरला की हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. ड्रेन उघडल्यावर दुधाळ चहासारखं तेल आलं तर हेच झालेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांना तर ब्रीदर साफ असूनही सुटका नव्हती. दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या एक्सलमध्ये पाणी शिरतंच, आणि तेल न बदलता चालवलं की बेअरिंग गंजून क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) ओरडू लागतो. इथे ब्रीदर काढून नळीला नोझल बसवलं आणि तेल चालेल असा रबरी पाइप फायरवॉलपर्यंत उंच नेला. संपूर्ण दुरुस्तीतलं सगळ्यात स्वस्त काम, आणि बाकीची कामं त्याच्यावर टिकून.

गोळ्यावर गंजाचे खड्डे होते. गोळा नळीलाच जोडलेला, लेथवर चढत नाही. खोल खड्ड्यांत मेटल इपॉक्सी भरलं, २४ तास सोडायचं, मग ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत. रंग नाही. त्या भागाला रंग दिला की तो सोलून नमद्यातच अडकतो.

आता किंगपिनची, म्हणजे खोळ ज्या खुंट्यांवर वळते त्यांची, बेअरिंग. कपात रोलरचे ठसे उमटलेले असतील तर स्टिअरिंग सरळ रेषेत खाचेत बसल्यासारखं लागतं आणि ५०-६० च्या वेगाला पुढची चाकं थरथरू लागतात. लोक स्टिअरिंग डॅम्पर लावून ही थरथर झाकतात. कप आणि कोन दोन्ही बदलायचे, नुसता कोन नाही. मग टोपीखालच्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या: ३, ५, १० आणि ३० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात. नमदा, शाफ्ट आणि टाय रॉड न लावता, स्टिअरिंग आर्मच्या भोकात रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा अडकवून ओढायचं. साडेपाच ते सात किलोला खोळ वळली पाहिजे. हलकी वळली तर शिम काढायची, जड वळली तर घालायची. आधी २ किलोलाच वळत होती. १० थाऊची एक आणि ३ थाऊची एक काढल्यावर ६ वर आली. हाताच्या अंदाजाने हे जमत नाही.

सोमवार

नमदा बसवण्याआधी तासभर तेलात भिजवून ठेवला. कोरडा लावला की पहिल्याच वळणांत जळतो. पट्टीची दोन टोकं एकमेकांना घट्ट भिडली पाहिजेत.

हबची बेअरिंग: चाक फिरवत नट आवळायचा, अडखळायला लागलं की षटकोनी नटाचा एक पैलू मागे. मग लॉक वायसर वाकवून बाहेरचा नट.

गोळ्यात काय भरावं, यावर गॅरेजात भांडणं होतात. साधं चासी ग्रीस जॉइंटच्या फिरण्याने बाजूला फेकलं जातं आणि परत येत नाही. जॉइंट कोरडा पडतो. ० नंबरचं मऊ ग्रीस वाहून परत जागेवर येतं. अर्ध्यापर्यंत, काठोकाठ नाही.

मंगळवार

डिफरन्शियलमध्ये सुमारे १.२ लिटर तेल, जीएल-५ दर्जाचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांना प्रत्येकी सुमारे १.४ लिटर, पण गिअरबॉक्सला जीएल-४. काही जीएल-५ तेलं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या, पितळी रिंगांना सोसत नाहीत. ड्रेन करताना गिअरबॉक्समधून कमी आणि ट्रान्सफर केसमधून जास्त तेल निघालं. मधलं सील पाझरतंय. ते काम पावसाळ्यानंतर, कारण त्यासाठी ट्रान्सफर केस उतरवावी लागते.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं, १.२ ते २.४ मिलिमीटरच्या दरम्यान हवा. २ वर ठेवला.

पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये नेऊन आणली, डांबरी रस्ता म्हणून फोर व्हील न लावता. या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या मधोमध वेगळं डिफरन्शियल नाही. फोर व्हील लावून कोरड्या रस्त्यावर वळणं घेतली की शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि लिव्हर सुटता सुटत नाही. परत आल्यावर एक्सल हाताला कोमट लागला, पाइपच्या तोंडाशी तेल नव्हतं. खाली पुठ्ठा पसरून ठेवलाय. रात्री अकरापर्यंत डाव्या बाजूला कोरडा, उजव्या बाजूला पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग. पुढच्या रविवारी तेच सगळं, उजवीकडे. ठोकणी तयार आहेच.

बॉडीला रंग कधी, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.