एकीकडून होकार आला, तर दुसरीकडे काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. अमेरिकी विद्यापीठांच्या ‘अर्ली’ म्हणजे लवकरच्या फेरीचे निकाल लागले की हा प्रश्न दर डिसेंबरात येतो आणि शब्द बदलले तरी तोच असतो: येलचा होकार आलाय, आता हार्वर्डला ते कळेल का, आणि ‘हा काय तिकडेच जाणार’ म्हणून ते नाव खोडतील का? काही पालक नेमकं उलटं विचारतात: येलने घेतलंय म्हटल्यावर हार्वर्डलाही घ्यावंच लागेल ना?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’, कारण हार्वर्डला ते कळतच नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवायच्या ऑनलाइन सोयीवर, तुम्ही कितीही ठिकाणी अर्ज करा, प्रत्येक विद्यापीठाला फक्त स्वतःकडे आलेला अर्ज दिसतो. बाकीची यादी दिसत नाही. अमेरिकी विद्यार्थी सरकारी मदतीसाठी जो ‘फाफसा’ अर्ज भरतात, त्यात मात्र बरीच वर्षं एक फट होती. त्यात लिहिलेल्या सगळ्या कॉलेजांची नावं त्यातल्या प्रत्येक कॉलेजला दिसायची, तीही क्रमवार. पहिलं नाव ती पहिली पसंती, असा तर्क लढवायला एवढं पुरेसं होतं. २०१६-१७ च्या अर्जापासून ती यादी दिसणं बंद झालं.

चोरून डोकावण्याचा एक प्रकार मात्र घडला आहे. २००२ मध्ये येलने निकाल वेबसाइटवर पाहायची सोय केली होती. जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) टाकला की निकाल समोर. आता हीच माहिती प्रिन्स्टनकडेही अर्ज केलेल्या मुलांच्या फाइलीत होती, आणि प्रिन्स्टनच्या प्रवेश कार्यालयातून ती वापरून येलच्या साइटवर शिरल्याचं उघड झालं. गवगवा झाला, चौकशी झाली, एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पद गमवावं लागलं. सरळ विचारून निकाल कळत असता, तर हे उद्योग करावे लागले नसते.

एकत्र बसून बोलणी व्हायची ती पैशांची. आयव्ही लीगची विद्यापीठं (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आठ जुन्या खाजगी विद्यापीठांचा गट) आणि एमआयटी दरवर्षी भेटून, एकाहून जास्त ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांच्या कुटुंबाने किती भरायचं ते संगनमताने ठरवत. १९९१ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्यावर खटला भरला. आयव्ही लीगने तडजोड केली, एमआयटी लढत राहिलं आणि १९९३ मध्ये ते प्रकरण मिटलं. लक्षात घ्या, तिथेही प्रवेश देऊन झाल्यावरची चर्चा होती.

मग येलला निवडलेली मुलं हार्वर्डलाही इतकी कशी निवडली जातात? इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा आकडे मांडतो. आकडे काल्पनिक आहेत, हिशेब खरा आहे. समजा ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही विद्यापीठांकडे त्याच १,००० मुलांनी अर्ज केले. त्यातल्या १०० जणांची फाइल भक्कम आहे. त्यांना दोन्हीकडे ४० टक्के संधी. उरलेल्या ९०० जणांना १ टक्का. दोन्ही विद्यापीठं एकमेकांना काहीही विचारत नाहीत. ‘अ’ने घेतले ४० अधिक ९, म्हणजे ४९. ‘ब’नेही तेवढेच. सरसकट पाहिलं तर विसातल्या एकाला प्रवेश. पण ‘अ’ने घेतलेल्या त्या ४९ मुलांपैकी सुमारे १६ जणांना ‘ब’चाही होकार येतो, म्हणजे तिघांत एकाला. कुणी कुणाच्या कानात सांगितलं नाही, दबाव आला नाही. ‘अ’च्या होकाराने फक्त एवढंच उघड झालं, की ही फाइल बहुधा त्या शंभरातली आहे.

आता नकाराची बाजू. ‘अ’ने नाकारलेल्या ९५१ जणांपैकी सुमारे ३३ जणांना ‘ब’ घेतं, म्हणजे साडेतीन टक्के. आधीचा आकडा ४.९ होता. थोडक्यात, होकारातून जेवढं कळतं त्याच्या मानाने नकारातून फारच थोडं कळतं, कारण भक्कम फाइलवाल्या शंभरातले साठ जण ‘अ’ने नाकारलेच होते. डिसेंबरातल्या एका नकारावरून जानेवारीचे, म्हणजे नेहमीच्या फेरीचे, अर्ज सोडून देणारी मुलं हा हिशेब करत नाहीत. अशाच चार ठिकाणी अर्ज केले आणि निर्णय खरोखर स्वतंत्र असले, तर भक्कम फाइलवाल्याला चारही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता १३ टक्के उरते.

‘यील्ड’चा मुद्दा हमखास निघतो. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात ते प्रमाण म्हणजे यील्ड. एक पायरी खालचं कॉलेज ‘हा इथे येणार नाही’ असं ताडून अतिशय हुशार मुलाला वेटलिस्टवर टाकतं, अशी कुजबुज जुनीच आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या नावावरून तिला टफ्ट्स सिंड्रोम म्हणतात. पण तो अंदाज तुमच्या फाइलवरून बांधला जातो, दुसरीकडच्या निकालावरून नव्हे. एखादं कॉलेज तुम्ही त्याच्यात दाखवलेल्या ‘रसा’ला किती वजन देतं, हे त्याच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेजं ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध करतात ती माहिती) सी-७ या तक्त्यात छापलेलं असतं. ते आधी वाचा. तिथे वजन आहे असं लिहिलं असेल, तर त्या कॉलेजच्या ऑनलाइन माहितीसत्राला बसा आणि ‘आमच्याकडेच का’ हा निबंध उरकून टाकू नका.

संधीवर खरा परिणाम होतो तो तुम्ही निवडलेल्या मार्गाचा. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) इथे ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे लवकरचा पण बंधनकारक अर्ज, आहे. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे कोलंबियाच्या या होकाराने हार्वर्डची संधी थेट शून्य होते. मिळालेल्या आर्थिक मदतीत खर्च भागत नसेल, तर सुटका मागता येते. ‘आता हार्वर्ड बघावंसं वाटतंय’ हे कारण चालत नाही. दोन ठिकाणी अर्ली डिसिजन भरणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. दोन्हीकडच्या करारांवर सही त्याच काउन्सेलरची लागते, आणि उघड झालं तर दोन्ही प्रवेश जातात.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचं अर्ली बंधनकारक नाही, पण त्या फेरीत दुसऱ्या खाजगी विद्यापीठात अर्ली अर्ज करायला मनाई आहे. सरकारी आणि परदेशी विद्यापीठांना बंधन नसलेल्या फेरीत साधारणपणे सूट असते. नेमकी सूट दरवर्षी त्या-त्या विद्यापीठाच्या पानावर वाचा. चौघांचे नियम शब्दशः सारखे नाहीत.

होकार हातात आल्यावर मुलं एक चूक हमखास करतात. येलने घेतल्याचं ते प्रिन्स्टनला उत्साहाने कळवतात. त्याचा फायदा काही नाही, आणि वाचणाऱ्याला ती धमकी वाटू शकते. नवे गुण, नवं बक्षीस, पूर्ण झालेला प्रकल्प एवढंच कळवावं. वेटलिस्टवर असाल, तर ‘घेतलंत तर नक्की येईन’ हे एकच वाक्य कामाचं, तेही खरं असेल तरच.

दुसरीकडच्या होकाराचं पत्र उपयोगी पडतं ते आर्थिक मदतीसाठी. दोन्हीकडे प्रवेश पक्का झाल्यावर, तोलामोलाच्या विद्यापीठाचं मदतीचं पत्र जोडून फेरविचाराची विनंती करता येते. त्यात तुमच्या कुटुंबाला एकूण किती भरावं लागतंय याची तुलना द्या. एकूण मदतीचा आकडा फसवा असतो, कारण कर्ज आणि कॅम्पसवरची नोकरी ‘मदत’ या नावाखालीच मोजलेली असते. हे सगळं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करा. १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं, आणि तोवर निर्णय झाला नाही म्हणून दोन ठिकाणी जागा राखायचं डिपॉझिट भरून ठेवलंत तर दोन्ही विद्यापीठं प्रवेश काढून घेऊ शकतात. एका ठिकाणी डिपॉझिट आणि दुसरीकडे वेटलिस्ट हे मात्र चालतं. वेटलिस्टमधून बोलावणं आलं, तर आधी भरलेलं डिपॉझिट बहुधा बुडतं.

ऑक्सफर्ड-केंब्रिजबद्दल विचारणारेही असतात. तिथे प्रश्नच उरत नाही: पदवीसाठी एका वर्षी दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि यूकॅसची (ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठीची एकत्रित अर्जाची यंत्रणा, एका अर्जात पाच पर्याय) मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहा. उरलेले चार पर्याय ती विद्यापीठं आलेल्या निकालांना तुमचं उत्तर जाईपर्यंत पाहू शकत नाहीत. वैयक्तिक निवेदन मात्र पाचही ठिकाणी एकच जातं. त्यामुळे त्यात कुठल्याही विद्यापीठाचं नाव घेऊ नका, आणि एका ठिकाणी अर्थशास्त्र, दुसरीकडे इतिहास असं मागितलंत तर ते निवेदन कुठेच धड बसणार नाही.